मेन पाडल्यावरचा वारा

मंगळवार, १४ मे २०२४. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे.

या वेळी आमच्या गल्लीचा वायरमन खांबाखाली उभा राहिला आणि त्याने हाक दिली. तो माझा शेजारी. त्याची आणि माझी भिंत एकच आहे. त्या हाकेपासून पुढे त्याचा जीव माझ्या ओसरीवर ठेवलेला होता. हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

हाकेविषयी आधी सांगितले पाहिजे. आमचे गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला आहे. विजेच्या लाइनमनकडे पुष्कळ गावे असतात, तो येईपर्यंत दिवस जातो. म्हणून गल्लीतले लहानसहान काम शेजारीच करतो. त्याचा आजा भांड्यांना कल्हई करीत असे, बाप कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करी, हा तारा ओढतो. खांबावर चढण्याआधी तो खाली उभा राहून ओरडतो, "मेन पाडा हो." मग खांबापासून एकेक घर आपला मेन स्विच पाडते आणि उत्तर देते, "पडला." शेवटच्या घराचे उत्तर आल्याखेरीज तो डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज काढत नाही आणि खांबाला हात लावत नाही. शेवटचे घर माझे.

या पद्धतीला दोन कारणे आहेत. काम संपल्यावर फ्यूज परत बसवताना वीज कधी भलत्याच जोराने येते आणि पंखे, टीव्ही जळतात. दुसरे कारण गल्लीतल्या गिरणीवाल्याचे जनरेटर. लाइन नसताना कोणी जनरेटरवर घर चालवले आणि मेन पाडला नाही, तर वीज उलटी फिरून खांबावर जाते, आणि खांबावर माणूस असतो. गल्लीने यासाठी काही लिहून ठेवलेले नाही. शब्दावर चालते. आमच्याकडे शेतजमिनीच्या बांधावरून भाऊ भावाचा शब्द मानत नाही. परंतु 'पडला' हा शब्द आजवर कोणी खोटा दिला नव्हता.

आता पॅनल.

मुलगा पुण्यात असतो. हिवाळ्यात त्याने एक पार्सल पाठवले. दोन काळी सोलर पॅनले, त्यांच्या पाठीला बसवायची एक चपटी पेटी, आणि पेटीतून निघालेली लांब वायर. वायरीच्या टोकाला साधी तीन पिनांची पिन, इस्त्रीला असते तशी.

"बाबा, काही करायचं नाही," तो फोनवर म्हणाला. "गच्चीवर उन्हात ठेवा आणि पिन सॉकेटात घाला. घराला लागणारी वीज आधी ह्यातून येईल, कमी पडेल ती लाइनीतून. तीन-चार वर्षांत किंमत फिटेल."

"कशावरून?"

"हिशेब आहे त्यांचा."

"कोणाचा?"

"विकणाऱ्यांचा, बाबा."

"विकणाऱ्याच्या काट्यावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही."

तो हसला. मी विचारले, "लाइन गेली तर?"

"आपोआप बंद होतं. लिहिलंय त्यावर."

पेटीवर लिहिलेले होते. बनवणाऱ्याचा पत्ता मात्र लिहिलेला नव्हता. मी त्याच वेळी ती परत पाठवायला हवी होती असे आता कोणीही म्हणेल. परंतु मी नोकरी केली ती वजनमापे तपासण्याची. हिंगोलीच्या बाजारातले हळदीचे काटे तपासण्यात माझे केस पांढरे झाले. न तपासता एखादी वस्तू खोटी म्हणणे आणि न तपासता ती खरी म्हणणे, हे मी सारखेच चूक मानतो. म्हणून ठरवले, शिमग्यापासून पावसाळा लागेपर्यंत हे वापरायचे आणि मग काय ते बोलायचे.

पॅनले गच्चीच्या कठड्याला टेकवली. वायर खाली सोडून ओसरीवरच्या बोर्डात पिन घातली. या बोर्डावर पाण्याची मोटर, दिवा आणि टेबलफॅन चालतो. घर बांधताना हा बोर्ड मी मुद्दाम मेनच्या आधी, मीटरपासून सरळ घ्यायला लावला होता. कारण एवढेच की मेन पाडून, कुलूप लावून गावाला गेलो तरी ओसरीवर दिवा राहावा. चोर दिव्याला भितो. बोर्ड बसवला शेजाऱ्यानेच. म्हणजे मेन पाडला तरी ओसरी चालू राहते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ओसरीवर आता एक वीज तयार करणारी वस्तू लागली आहे, हेही दोघांना ठाऊक होते. या दोन गोष्टी दोघांपैकी एकानेही एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत.

त्याने पहिल्याच दिवशी भिंतीवरून मान वर काढली.

"काका, किती वर्षांत फिटंल म्हणते पोरगं?"

"तीन-चार."

"मंग तब्येत सांभाळा. निदान फिटंस्तोवर."

"तू तुझी सांभाळ."

"माझं तं आजच फिटलं. माझ्या कोंबड्यांना सावली भेटून राहिली."

त्या वर्षी हळद चांगली झाली होती. गल्लीच्या मागे हळद घोटण्याचा ड्रम फिरत असे आणि त्याचा पिवळा धुरळा सगळ्या गच्च्यांवर बसे. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पॅनले पुशी. दुपारपर्यंत ती पुन्हा पिवळी होत. घरातली मंडळी, म्हणजे माझी पत्नी, एकदा म्हणाली, "देवाला इतकं पुसलं नाही कधी." मी पुसत राहिलो.

पहिले बिल कमी आले नाही. दुसरे थोडे वाढून आले. उन्हाळा आहे, पंखे जास्त चालतात, हे मी धरून चाललो; परंतु समाधान झाले नाही. एका दुपारी पत्नी झोपली असताना मी मेन पाडला, दिवा आणि पंखा बंद केला, मोटर बंदच होती. घरात वीज वापरणारे काही उरले नाही. मग मीटरपुढे उभा राहिलो. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. संथपणे, न थांबता. रिकाम्या घरातून कोणीतरी काही बाहेर नेत आहे आणि त्याची नोंद माझ्या नावावर होत आहे, असे ते दृश्य होते.

शेजाऱ्याला बोलावून दाखवले. त्याने मीटरकडे पाहिले आणि मान हलवली.

"मीटर आंधळं हाय, काका. दारातून कोण आलं, कोण गेलं, त्याला दिसत न्हाई. नुसते डोके मोजतं."

"म्हणजे वीज मी देतो आणि बिलही मीच भरतो."

"व्हय. सदका केला म्हणा. पुण्य लागंल."

"उपाय काय?"

"दोन्हीकडून मोजणारं मीटर. अर्ज करा, ते येऊन बघतील, मंग लावतील. तवर काढून ठेवा की."

"पावसाळा लागेपर्यंत राहू दे. मला पूर्ण हंगाम पाहायचा आहे."

"तुमी पण काटेच तपासून राहिले अजून," तो म्हणाला आणि गेला.

मे महिन्यात गल्लीच्या तोंडाजवळच्या खांबावरचा एक जोड जळू लागला. संध्याकाळी तिथे ठिणग्या दिसत. घरातले दिवे मध्येच मंदावत आणि पुन्हा उजळत. लाइनमनला सांगून झाले होते. त्या मंगळवारी शेजाऱ्याने कमरेला पट्टा बांधला, पक्कड खिशात घातली. त्याची बायको दारातून म्हणाली, "ऊन चढायच्या आत उतरा." तो म्हणाला, "चढल्याबिगर उतरू कसा?"

मग हाक आली. उत्तरे सुरू झाली.

"पडला."

"पडला हो."

मधल्या घरातली म्हातारी नेहमी काहीतरी जोडते. "मेन बी पडला अन् म्हातारा बी पडलाय. दोघं बी उठून न्हाई राहिले." गल्ली हसली. गिरणीवाला म्हणाला, "पडला, जनरेटर बी बंद हाय." शेवटी आमचे घर. पत्नीने स्वयंपाकघरातून येऊन मेन पाडला आणि दारातून सांगितले, "पडला." ते खरे होते.

शेजाऱ्याने डीपीतून आपल्या गल्लीचे फ्यूज काढले, पिशवीत टाकले आणि तो चढू लागला.

मे महिन्याच्या सकाळी एखाद्या गल्लीचे सगळे मेन एकदम पडले की जी शांतता होते ती नेहमीची नसते. फ्रिज, पंखे, गिरणी, टीव्ही यांचा एरवी ऐकू न येणारा आवाज जातो, आणि तो होता हे तेव्हा कळते. कोंबड्यांचे पाय वाळल्या पाल्यावर वाजत होते. मी ओसरीवर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. सिद्धेश्वर धरणात पाणी किती उरले याची बातमी होती. पानाचा कोपरा वर उचलला जात होता, म्हणून त्यावर चष्म्याचे घर ठेवले. पुढचे पान उलटले. तेही उचलले जाऊ लागले. मी त्यावर हात ठेवून वाचत राहिलो.

पत्नी पदराने मान पुसत बाहेर आली. "आत बसवत नाही," ती म्हणाली. "इथे बरं आहे. वारा तरी आहे." ती पायरीवर बसली. आम्ही दोघेही त्या वाऱ्यात बसलो. ती कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलत होती. मी हो म्हणत होतो.

मग अंगणातल्या कडुनिंबाकडे लक्ष गेले. त्याचे एकही पान हलत नव्हते.

मी मान वळवली. टेबलफॅन चालू होता. नेहमीपेक्षा जोरात चालला होता, इतक्या जोरात की त्याची जाळी थरथरत होती. गल्लीत वीज नव्हती. डीपीचे फ्यूज शेजाऱ्याच्या पिशवीत होते. आणि माझा पंखा फिरत होता.

ओरडावे असे मनात आले आणि मी ओरडलो नाही. खांबावरचा माणूस हाक ऐकून वळतो, आणि वळताना आधारासाठी हात पुढे करतो. मी उठून पॅनलची पिन ओढली. पंख्याची पाती मंदावली, दिसू लागली, थांबली. पिनेची तीन टोके मोकळी होती. ती कोणाच्या हाताशी येणार नाहीत अशी वायर खुंटीला लटकवली.

"काय झालं?" पत्नी म्हणाली.

"या वायरीला हात लावू नको."

मी गल्लीत आलो. खांब दुसऱ्या टोकाला. उन्हामुळे सगळी दारे लोटलेली. खांबाखाली कोणी नव्हते, फक्त पक्कड पडलेली होती. वर तो पट्ट्यावर टेकला होता. डोके खांबाला लागलेले, एक हात खांबाभोवती, दुसरा हात खाली लोंबत होता. माझा गुडघा भरभर चालू देत नाही. काठी टेकत जेवढे चालता आले तेवढे चाललो. तोंडाने काही म्हटले नाही, मनातही काही म्हटले नाही. तो लोंबता हात हलतो का, एवढेच पाहत होतो.

तो हलला. बोटे मिटली, उघडली. शेजाऱ्याने डोके उचलून आपल्याच हाताकडे पाहिले, मग खाली माझ्याकडे.

"काका," तो हळू म्हणाला, "चालू कुणी केलं?"

"उतर."

"हात ऐकून न्हाई राहिला."

"मग पट्ट्यावरच थांब. काही धरू नको. आता बंद आहे."

गिरणीवाल्याचे दार मी काठीने ठोकले. तो शिडी घेऊन धावला. दोघा-तिघांनी त्याला खाली घेतले आणि भिंतीच्या सावलीत बसवले. तो वाचला याचे कारण त्यांच्या धंद्यातली एक सवय. बंद म्हणून सांगितलेली तारसुद्धा ते आधी उलट्या हाताने शिवून पाहतात. झटक्याने हाताची मूठ वळते. उलटा हात असेल तर मूठ तारेपासून दूर वळते, तळहात असेल तर तारेवरच मिटते आणि मग सुटत नाही. त्याच्या बोटांच्या पाठीवर पांढरा डाग उठला होता. कोपरापर्यंत हात बधिर होता.

त्याची बायको अनवाणी आली. तिने त्याच्या हातावर पाणी ओतले. ती रडली नाही. "कोण हाय ते सांगा," ती जमलेल्यांकडे पाहून म्हणाली. "मला फकस्त त्याचं तोंड बघायचंय."

सगळे गिरणीवाल्याकडे पाहू लागले.

"माझं जनरेटर बंद हाय," तो म्हणाला. "हात लावून बघा, गार हाय."

"मेन पाडला व्हता का?"

"पडला म्हणलं न्हवं का मी?"

"म्हणलं तं सगळ्यांनीच."

हे वाक्य कोणी उच्चारले ते मी पाहिले नाही. आमच्या गल्लीत ते पूर्वी कोणी उच्चारलेले नव्हते. ते ऐकल्यावर लोक एकमेकांपासून थोडे सरकून उभे राहिले.

मी म्हणालो, "गिरणीचा दोष नाही. वीज माझ्या ओसरीवरून आली."

"काकू तं पडला म्हणल्या."

"पडलाच होता. ती खोटे बोलली नाही. पॅनल मेनच्या आधी, मीटरच्या बाजूला आहे."

शेजाऱ्याने डोळे मिटले. बोर्ड कुठून घेतला आहे हे त्याला आठवले असावे.

लोक माझ्या ओसरीवर आले. मेन पाडलेला त्यांनी पाहिला. फ्यूज अजून शेजाऱ्याच्या पिशवीत होते, खांबावर कोणी नव्हते. तेव्हा एकदा लावून दाखवा, असे सर्वांचे म्हणणे पडले. शेजाऱ्याने होकार दिल्यावर मी पिन घातली. पंख्याचे बटण चालूच होते.

पंखा हलला नाही.

पिन काढून पुन्हा घातली. वर ऊन तळपत होते. पंखा तसाच. जमलेल्यांपैकी एक जण हसला. "काका गिरणीवाल्यावर पांघरूण घालून राहिले," तो म्हणाला. "हे तं मेलेलं हाय."

"मी आणि ही, दोघे त्या वाऱ्यात बसलो होतो."

"वारा काय, कुठून बी येतो, काका."

मी मुलाला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. झाले ते सांगितले. तो म्हणाला, "बाबा, शक्यच नाही. लाइन नसेल तर ते सुरूच होत नाही."

"सुरू झाले नाही. परंतु थांबलेही नाही. लाइन गेली तेव्हा ते चालू होते."

त्याने मग विचारले, "तेव्हा गल्लीत बाकी काय चालू होतं?"

"काहीच नाही. सगळ्यांनी मेन पाडले होते."

"एकही पंखा नाही?"

"माझा एक."

"म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "बाकीची घरं चालू असती, तर एवढ्याशा पेटीला ते ओझं झेपलं नसतं, तत्काळ बंद पडली असती. ओझंच नव्हतं. लाइन गेली हे तिला कळायला हवं होतं. चांगल्या पेटीला कळतं. हिला कळलं नाही. बाबा, मी… कोणाला लागलंय का?"

"शेजाऱ्याला. जिवंत आहे." मी फोन ठेवला.

म्हणजे गल्लीने शिस्त पाळली म्हणून ती पेटी चालू राहिली. एखाद्या घराने मेन पाडला नसता तर काही झाले नसते. हे समजायला लोकांना वेळ लागला. काहींना समजले नाही; त्यांच्या नजरा गिरणीवाल्यावरच होत्या. मी त्यांना म्हणालो, "रोज खोटे मापणारा काटा पहिल्या दिवशी सापडतो. मी असेही काटे पाहिले आहेत जे इन्स्पेक्टरपुढे खरे मापतात. ते सर्वांत वाईट. हे त्यातले आहे."

हातावर ओले फडके धरून पायरीवर बसलेला शेजारी म्हणाला, "काका म्हणतात वारा व्हता, तं व्हता." मग गिरणीवाल्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या म्हशींच्या साखळ्या आण, सगळ्या."

"कशाला?"

"जोड उघडा ठेवून आलो. वारं सुटलं तं तार खाली यील. लेकरं खेळतात तिथं."

त्याची बायको म्हणाली, "तुमी न्हाई चढायचं."

"मंग कोण चढंल? तुझा भाऊ?"

"माझा भाऊ शहाणा हाय. तो लाइनमनची वाट बघंल."

लाइनमनला पुन्हा विचारले. उद्या सकाळी, असे उत्तर आले. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

ऊन उतरल्यावर हातात थोडी ताकद आली तेव्हा तो निघाला. लोखंडी पहार खांबापाशी जमिनीत ठोकली, साखळ्या एकीला एक जोडून एक टोक तिला बांधले आणि दुसरे टोक डाव्या हाताने तारांवर फेकले. आता तारेत कुठूनही वीज आली तर ती आधी जमिनीत जाईल. मग पिशवीतून चिनी मातीचे फ्यूज काढून त्याने माझ्या हातात दिले.

"हे तुमच्यापाशी. मी मागितल्याबिगर कुणाला देऊ नका. मला बी न्हाई."

मी ते धरून खांबाखाली उभा राहिलो. गल्लीतली सगळी दारे आता उघडी होती. प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभे होते, आणि त्यांचे एक पाऊल आत, मेनच्या बाजूला होते. सगळे हाकेची वाट पाहत होते. मीही पाहत होतो.

त्याने हाक दिली नाही. पट्टा आवळला आणि चढू लागला.

मधल्या घरातल्या म्हातारीला ते सहन झाले नसावे. ती आपणहून म्हणाली, "पडला रे बाबा." त्याने खाली पाहिले नाही. तिच्यानंतर दुसरे कोणी काही म्हणाले नाही.

जोड बांधायला पुष्कळ वेळ लागला, कारण तो बहुतेक डाव्या हाताने काम करीत होता. फ्यूज माझ्या घामाने ओले झाले. तो उतरला, साखळी काढली, हात पुढे केला. मी म्हणालो, "माग." तो म्हणाला, "द्या." तेव्हा दिले. थोड्या वेळाने गल्लीतले पंखे फिरू लागले. मुले ओरडली. मोठी माणसे ओरडली नाहीत.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. ते फेकून द्या, असे तो म्हणाला. नावाजलेल्या कंपनीचे, तपासून आलेले आणून देतो. मीटरचा अर्ज मी करतो. नोंदणी असलेला माणूस येऊन मेनच्या आत, वेगळ्या स्विचवर बसवेल. मग ते नक्की फिटेल. त्याचे म्हणणे चूक नसावे. रीतसर बसवलेले पॅनल उन्हाच्या या मुलखात फिटत असेल. फिटते असे सांगणारे लोक हिंगोलीत मला भेटले आहेत आणि ते खोटे बोलणारे नव्हते. परंतु ते सगळे स्वतःच्या बिलावरून सांगत होते. वस्तू फिटली की नाही हे ज्या काट्यावर पाहायचे त्याच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवलेले आहे, हे घरात बसून दिसत नाही. मला त्या दिवशी ते खांबाला लटकलेले दिसले. मुलाला एवढेच सांगितले की आणू नकोस.

दिवे लागायच्या सुमारास गिरणीवाला आला. मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

"काका, तुमी बोलले म्हणून बरं झालं. न्हाईतर आज माझं काही खरं नव्हतं."

"खरे होते ते बोललो."

तो घुटमळला. "ते पॅनल आता तुमी लावणार न्हाई म्हणता?"

"नाही."

"मंग मला द्या. गिरणीची गच्ची मोठी हाय. मी मेनच्या आतून लावतो, बराबर. फुकट न्हाई मागत."

मी त्याच्याकडे पाहिले. ज्याच्यावर दुपारी आरोप झाला तोच माणूस होता.

"देत नाही."

"नका देऊ. मोबाइलवर भेटते की. म्हातारीच्या नातवानं कवाच मागवलंय. मागच्या गल्लीत बी दोघांनी मागवलंय म्हणतात."

"शेजाऱ्याला सांगितले का?"

"त्याला काय सांगायचं? त्याच्या घरावर थोडंच लावून राहिलो आमी." तो गेला.

शेजारी भिंतीपलीकडे होता. त्याने ऐकले असले पाहिजे. उजवा हात फडक्यात बांधलेला, डाव्या हाताने कोंबड्या खुराड्यात घालीत होता. हिंगोलीला जाऊन डॉक्टरला हात दाखव, असे मी म्हणालो. सकाळी जाईन, असे तो म्हणाला. मग खुराड्याचे दार लावून तो माझ्या गच्चीकडे, तिच्यापलीकडच्या गच्च्यांकडे बघत राहिला.

"हाकेवर चढणं संपलं, काका."

"साखळी आहे."

"साखळी हाय. पण साखळी फेकायला तारेजवळ जावंच लागतं." थोड्या वेळाने म्हणाला, "अन् घाई असली, पाऊस असला, तं माणूस हाकेवरच चढतो."

पूर्वी तो आम्हाला विचारून चढत असे आणि आम्ही सांगत असू. आता आम्हालाच ठाऊक नाही, तर सांगणार काय?

पूर्ण अंधार पडेपर्यंत मी थांबलो, कारण उजेड असेपर्यंत ती पॅनले बंद करता येत नाहीत. मग गच्चीवरून ती खाली आणली, वायर कापली आणि पेटीवर हातोडा घातला. मेन पाडून, मीटरपाशी असलेला कटआउट, म्हणजे लाइनीचा फ्यूज, शेजाऱ्याकडून काढवून ओसरीवरचा बोर्ड भिंतीतून उखडला. दोन्ही तारांची तोंडे वेगवेगळी चिकटपट्टीने बांधली आणि भोकावर पत्रा ठोकला.

पत्नी दारात उभी होती. "आता मोटर कशावर लावायची?" तिने विचारले. "रांजण रिकामा आहे."

"उद्या आतून वायर घेऊ," मी म्हणालो, आणि हौदातले पाणी बादलीने काढून रांजण भरला.